पेण ते रोहा : हे हिरवं कोणाचं?

पेण म्हटलं की गणपती, पोहे आणि पापड. रोहा म्हटलं की कोकण रेल्वे जिथून सुरू होते ते स्टेशन. बहुतेकांचं या दोन गावांबद्दलचं ज्ञान इथेच संपतं. मुंबईहून गोव्याला किंवा अलिबागला जाताना वडखळच्या नाक्यावर गाडी अडकली की खिडकीतून थोडी भातशेती दिसते, थोडे डोंगर दिसतात, कोणीतरी "काय हिरवंगार आहे!" म्हणतं आणि मग पुन्हा डोळा लागतो. आमच्या घरातले सगळे याच जातकुळीतले. म्हणून दिवाळीच्या आधी दोन दिवस मोकळे मिळाले तेव्हा ठरवलं, या वेळी वडखळच्या पुढे जायचंच नाही. पेण ते रोहा एवढ्याच टापूत फिरायचं. समुद्र नाही, बीच नाही. खाडी, खाजण, भातशेती, डोंगर, नदी, जंगल... जे मिळेल ते बघायचं.

आठ जण होतो. त्यात दोन भाचरं परदेशातून आलेली, कॅमेरे गळ्यात. वाटाड्या म्हणून एक निवृत्त प्राथमिक शिक्षक मिळाले. उभी नोकरी याच भागातल्या शाळांत झालेली. त्यांना सगळे गुरुजीच म्हणतात, मीही तेच म्हणतो. गुरुजींना एक खोड आहे. कुठेही थांबलं आणि कोणी फोटो काढायला लागलं की ते विचारणार, "छान आहे. पण हे कोणाचं?" पहिल्यांदा गंमत वाटली, दुसऱ्यांदा थोडा कंटाळा आला, आणि मग हळूहळू लक्षात आलं की या टापूचा सगळा इतिहास त्या एका प्रश्नात आहे. तोच इथे मांडायचा प्रयत्न करतो.

सुरुवात खारेपाटातून. पेणच्या पश्चिमेला धरमतरच्या खाडीपर्यंत पसरलेली वाशी, वढाव या बाजूची सपाट जमीन. इथे बांधावर उभं राहिलात तर एका हाताला पिवळं पडत चाललेलं भात, दुसऱ्या हाताला तिवरांचं गच्च रान आणि मधे चिखलाचा तो बांध. उधाणाच्या भरतीला खाडीचं पाणी शेताच्या पातळीहून वर चढतं. म्हणजे आपण ज्याला शेत म्हणतोय तो खरं तर खाडीचा तळ. माणसांनी तो बांध घालून मागून घेतलाय.

कसा, तेही बघण्यासारखं आहे. बांधात ठिकठिकाणी उघाडी असते. उघाडी म्हणजे झडपेचं दार. भरती आली की खाडीचं पाणीच ते दार दाबून बंद करतं. ओहोटी लागली की आत साठलेलं पावसाचं पाणी त्याला आतून ढकलून बाहेर पडतं. मोटार नाही, वीज नाही. जूनमध्ये पहिले पाऊस शेतात कोंडायचे, जमिनीतलं मीठ त्यात विरघळू द्यायचं आणि ओहोटीला ते खारं पाणी सोडून द्यायचं. असं दोन-चारदा झालं की जमीन पेरण्याजोगी होते. मग भिजवून मोड आणलेलं बी चिखलात फेकायचं. याला रहू म्हणतात. लावणी नाही, रोपं नाहीत. भातही वेगळं, राता नावाचं, लाल दाण्याचं, खार सोसणारं. पुढे पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने पनवेल नावाच्याच सुधारित जाती काढल्या, पण जुन्या माणसांच्या तोंडी अजून रात्याचीच चव आहे. शेताच्या कडेला गोड्या पाण्याची तळी, त्यांत वाढवलेला जिताडा. जावई आला की जिताडा हवाच, असा इथला शिरस्ता.

जुन्या महसुली भाषेत अशा बांधून काढलेल्या जमिनीला शिलोत्री म्हणत. (शिलोत्री आडनावाची माणसं आपल्या ओळखीत असतील तर त्यांना जरूर सांगा!) बांध घालायला भांडवल कोणाचं, दरवर्षी डागडुजी कोणी करायची आणि त्याबद्दल पिकातला वाटा कोणाला, हे सगळं ठरलेलं असे. अंगमेहनत मात्र गावाची. खेकड्याने बांधात बीळ केलं, त्यातून पाणी झिरपायला लागलं आणि लक्ष गेलं नाही, तर पुढच्या उधाणाला खांड पडलीच म्हणून समजा. एकदा खारं पाणी आत घुसलं की जमीन पुन्हा गोडी व्हायला कित्येक पावसाळे जातात. त्यामुळे बांध राखणं हे शेजाऱ्याशी भांडण असलं तरी एकत्र येऊन करायचं काम.

"मग हे शेत कोणाचं?" गुरुजींनी विचारलं. भाचा म्हणाला, कसणाऱ्याचं. गुरुजी हसले. म्हणाले, एवढं सोपं असतं तर चरीचा संप झाला नसता.

चरी हे अलिबाग तालुक्यातलं गाव, पण खारेपाट तोच. खोतीच्या काळात पिकाचा मोठा हिस्सा खोताकडे जाई, आणि वर वेठ-बेगार. १९३३ साली नारायण नागू पाटील यांच्या पुढाकाराने चरी आणि आसपासच्या गावांतल्या कुळांनी जमीन कसायचीच नाही असं ठरवलं. एक हंगाम नाही, दोन नाही. १९३९ पर्यंत, सहा वर्षं. विचार करा, घरात दुसरं उत्पन्न नाही आणि समोर स्वतःच्या हाताने जपलेलं शेत ओसाड पडतंय. लोकांनी रानातून लाकडं आणून विकली, मिळेल ती मजुरी केली, पण नांगर धरला नाही. डॉ. आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं, त्याची पार्श्वभूमी कोकणातल्या कुळांचे हे लढे. खोती निर्मूलनाचा कायदा प्रत्यक्ष व्हायला १९४९ उजाडलं.

त्याच सुमारास आणखी एक गोष्ट झाली, जिच्याबद्दल फार बोललं जात नाही. १९४८ मध्ये मुंबई राज्याने खारजमिनींचा कायदा केला, पुढे १९७९ मध्ये महाराष्ट्राचा खारजमीन विकासाचा कायदा आला. खोत गेला, कूळ मालक झालं, हे उत्तमच झालं. पण बांध मात्र हळूहळू गावकीचा राहिला नाही, तो सरकारी योजनेतला झाला. आता खांड पडली की आधी अर्ज, मग पाहणी, मग अंदाजपत्रक, मग निविदा. भरती दिवसातून दोनदा येते, ती यांपैकी कशाचीच वाट बघत नाही. अशा किती खांडी बुजवायच्या राहिल्या आणि किती शेतं पुन्हा खाजण झाली, ते बांधावरून चालताना दिसतंच. एका ठिकाणी तिवरांच्या मधून जुन्या शेतांच्या बांधांच्या रेघा अजून ओळखू येत होत्या.

इथे मात्र आमच्यात वाद झाला. भाची जीवशास्त्राची विद्यार्थिनी. ती म्हणाली, तिवरं वाढली हे तर चांगलंच की! आणि तिचं म्हणणं खोटं नाही. तिवरांच्या मुळांत मासळीची पैदास होते, लाटांचा जोर मोडतो, किनारा धरून ठेवला जातो. २६ जुलै २००५ च्या मुंबईतल्या पुरानंतर हे सगळ्यांनाच पटलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिवरतोडीवर बंदी घातली आणि २०१८ च्या निकालाने ती कायम केली. गुरुजी शांतपणे म्हणाले, "बरोबर आहे बाळ. पण ज्याच्या सातबाऱ्यावर अजून भातशेती लिहिलीय आणि जागेवर तिवरं उभी आहेत, त्याने काय करायचं? तोडली तर गुन्हा. नाही तोडली तर शेत गेलं. आणि खांड काही त्याने पाडलेली नाही."

यावर कोणाकडेच उत्तर नव्हतं. माझ्याकडे अजूनही नाही. पण एवढं कळलं की "निसर्गाने आपली जागा परत घेतली" हे वाक्य लांबून लिहायला सोपं असतं. ती जागा कोणाच्या तरी पणजोबाने डोक्यावरून चिखल वाहून केलेली असते.

खारेपाटातून पूर्वेकडे निघालं की जमीन चढायला लागते. वाटेत पाण्याच्या टाकीपाशी हंड्यांची रांग दिसली. पावसाळा नुकता सरलेला असतानाही! खारेपाटात विहिरीला पाणी लागलं तर ते खारं, म्हणून पिण्याच्या पाण्याची टंचाई इथे पिढ्यान् पिढ्यांची. आणि त्याच तालुक्यात डोंगराकडे हेटवणेचं धरण आहे, त्याचं पाणी नळातून नवी मुंबईला जातं. याच धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांची जमीन महामुंबई सेझमध्ये जाणार होती. लोकांचा विरोध एवढा वाढला की २१ सप्टेंबर २००८ रोजी सरकारला तिथे चक्क मतदान घ्यावं लागलं, जमीन द्यायची की नाही यावर. शेतकऱ्यांनी जमिनीबद्दल मतपेटीत मत टाकण्याचा असा प्रसंग आपल्याकडे विरळाच. पुढे तो प्रकल्प बारगळला. मला यातली विशेष गोष्ट वाटते ती अशी, की चरीच्या संपातल्या माणसांची नातवंडं तेव्हा हयात होती, आणि आपल्या आजोबांनी काय केलं ते त्यांना ऐकून माहीत होतं.

पेण-खोपोली रस्त्याच्या बाजूला गागोदे आहे. विनोबा भाव्यांचं जन्मगाव, ११ सप्टेंबर १८९५. भावे घराण्याकडे तिथे इनाम होतं. जमीन असलेल्या घरातला हा मुलगा पुढे १९५१ पासून देशभर पायी फिरून जमीन मागत हिंडला, आणि "हे कोणाचं?" या प्रश्नाला त्याने स्वतःचं असं उत्तर दिलं. ते उत्तर कितपत यशस्वी झालं हा वेगळा विषय. पण गागोद्याच्या अंगणात उभं राहून समोरचे डोंगर बघताना तो प्रश्न त्याला इथेच पडला असेल का, असं मनात आल्याशिवाय राहत नाही.

त्या डोंगरांकडे वळलं की भाताचीच रीत बदलते. खारीत बी फेकतात, डोंगरउतारावर राब भाजतात. ऐनासारख्या झाडांचे टहाळे, पाला, शेण, गवत जमिनीवर पसरून उन्हाळ्यात जाळायचं, त्या राखेच्या वाफ्यात रोप करायचं आणि पावसात त्याची लावणी. दिसायला एवढीशी गोष्ट. पण टहाळे तोडायचे कुठून? जंगलातून. आणि जंगल कोणाचं? १८७८ च्या वनकायद्यानंतर ते सरकारचं. ठाणे आणि कुलाबा (म्हणजे आजचा रायगड, हे नाव १९८१ पासूनचं) या दोन जिल्ह्यांत राबावरून एवढी ओरड झाली की १८८५ मध्ये सरकारला मुंबई फॉरेस्ट कमिशन नेमावं लागलं. दोन वर्षांनी अहवाल आला, पण भांडण मिटलं नाही. ते धुमसत राहिलं आणि २५ सप्टेंबर १९३० रोजी उरण तालुक्यातल्या चिरनेरला जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला. मेलेल्यांत नाग्या महादू कातकरी होता. मिठाच्या सत्याग्रहाची गोष्ट आपण शाळेत शिकलो, नाग्याचं नाव मात्र रायगडच्या बाहेर फारसं कोणी घेत नाही.

कातकरी हे नावच काताचं. खैराचं लाकूड उकळून कात काढणारे ते कातकरी. खैरावर निर्बंध आले तसा तो धंदा गेला आणि ही माणसं कोळशाच्या भट्ट्यांवर, मग वीटभट्ट्यांवर गेली. मुंबईच्या चुली पेटत्या ठेवायला याच डोंगरांतली लाकडं आणि कोळसा खाड्यांतून गलबतांनी जात असे. आम्ही गेलो तेव्हा वाडी भरलेली होती. दिवाळी झाली की अर्धी घरं कुलपात, पावसाळ्यापर्यंत सगळे भट्टीवर, असं गुरुजींनी सांगितलं. रानातली एकेक वनस्पती नावानिशी ओळखणारा इथला एक तरुण आमच्यासोबत तासभर चालला. त्याच्या माहितीसमोर माझं पक्ष्यांचं पुस्तक फिकं पडलं. वन हक्क कायदा २००६ मध्ये झाला खरा, पण हक्क सिद्ध करायचा म्हणजे कागद हवा, आणि या माणसांकडे सगळं आहे, कागद तेवढा नाही.

दुसरा दिवस रोह्याचा. नागोठण्याला अंबा नदी ओलांडून कोलाडला आलो. इथली कुंडलिका म्हणजे राफ्टिंगची नदी. भाचरं सकाळपासून त्याच आनंदात. भर उन्हाळ्यातही ही नदी खळाळत असते, कोकणातल्या इतर नद्यांसारखी आटत नाही. का? तर तिच्यातलं पाणी तिचं नाहीच. ते सह्याद्रीच्या पलीकडून आलंय, मुळशीहून. टाटांनी मुळशीला धरण बांधून पाणी डोंगरातून बोगद्याने आणि नळांतून खाली भिऱ्याला सोडलं, १९२७ मध्ये तिथे वीजघर सुरू झालं. वीज मुंबईला आणि उरलेलं पाणी कुंडलिकेला. भीमेतून कृष्णेत आणि कृष्णेतून बंगालच्या उपसागराला जायचं ते पाणी रोह्यावरून अरबी समुद्राला जायला लागलं. वीजघरातून पाणी सुटलं की राफ्टा निघतात.

त्या पाण्याखाली मुळशी खोऱ्यातली गावं आणि भाताची खाचरं गेली. सेनापती बापट आणि मावळे शेतकरी १९२१ पासून तीन वर्षं त्याविरुद्ध लढले. धरणाविरुद्ध झालेल्या जगातल्या सुरुवातीच्या लढ्यांत मुळशीचं नाव घेतात. लढा हरला. पण त्याच पाण्यावर डोलवहाळच्या बंधाऱ्यापासून कालवे निघाले आणि रोहा-माणगाव भागात उन्हाळी भात पिकू लागलं. धाटावच्या औद्योगिक वसाहतीतले कारखानेही याच नदीच्या काठी आले, आणि नदीच्या प्रदूषणाची तक्रार रोहेकरांच्या अंगवळणी पडली. एकाचं बुडालं म्हणून दुसऱ्याचं पिकलं. भाचरं ओली होऊन काठावर आली तेव्हा गुरुजींनी त्यांना विचारलंच, "मग, ही नदी कोणाची?" भाचा म्हणाला, "मुळशीची." मला बरं वाटलं.

रोह्याला नदीच्या पलीकडच्या काठावर अष्टमी आहे. आज ते रोह्याचंच एक अंग वाटतं, पण जुन्या काळी हे नावारूपाचं बंदर. १६७४ मध्ये शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकासाठी इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन मुंबईहून निघाला तो चौलला आला, तिथून होडीने कुंडलिकेतून वर अष्टमीपर्यंत, मग निजामपूरवरून रायगडला. त्याच्या प्रवासाच्या हकिकतीत अष्टमीचं नाव 'एस्थेमी' असं येतं. तेव्हा नदी हाच रस्ता होता. आता रोह्याच्या पुलावरून जाताना बंदराची कल्पनाही येत नाही. रेल्वे इथे १९८६ मध्ये आली, १९९३ मध्ये कोकण रेल्वेचा रोहा-वीर हा तुकडा सुरू झाला, आणि होडीचा रस्ता लोकांच्या आठवणीतूनही गेला.

शेवटचा टप्पा फणसाडचा. रोहा आणि मुरूड तालुक्यांच्या मधल्या डोंगरांतलं हे अभयारण्य, सुमारे ५४ चौरस किलोमीटरचं. पेणकडच्या उजाड डोंगरांनंतर इथे शिरलं की एकदम सावली. अंजनीची गर्द झाडी, दोरखंडासारख्या गारंबीच्या वेली आणि वरून शेपटी झुलवत जाणारा शेकरू. पाणवठ्यांना इथे 'गाण' म्हणतात. फणसाड गाण, चिखल गाण... नावं ऐकूनच भाची खूश! बारमाही पाण्याच्या या गाणींवर सगळं रान जगतं.

आणि हे कोणाचं? तर जंजिऱ्याच्या नवाबाचं. ही त्याची राखीव शिकारीची जागा. इंग्रजी मुलुखातले डोंगर लाकूड-कोळशासाठी तासले जात असताना नवाबाने स्वतःच्या शिकारीसाठी हे रान राखलं. १९४८ मध्ये संस्थान विलीन झालं, १९८६ मध्ये अभयारण्य झालं. म्हणजे आज आपण जे शेकरू बघून हरखतो, ते एका शिकाऱ्याच्या हौसेमुळे उरले. आणि राखीव रान म्हटलं की आसपासच्या वाड्यांना तिथे सहज शिरता येत नाही, ही गोष्ट नवाबाच्या वेळीही होती आणि आजही थोड्या वेगळ्या भाषेत आहे.

घरी आल्यावर फोटो बघत बसलो. खाजण, भात, तिवरं, डोंगर, नदी, जंगल. दोन दिवसांत एवढी विविधता क्वचितच बघायला मिळते, हे खरंच. पण यातलं काहीही आपोआप झालेलं नाही. भात बांधामुळे, तिवरं बांध फुटल्यामुळे, उघडा डोंगर मुंबईच्या चुलीमुळे, नदी मुळशीच्या बुडण्यामुळे आणि गर्द रान नवाबाच्या बंदुकीमुळे. प्रत्येक हिरव्याची किंमत कोणीतरी मोजलीय, आणि बहुतेक वेळा मोजणारा आणि बघणारा वेगळे.

असो. लेख लांबला. आपल्यातल्या कोणाला जायचं असेल तर ऑक्टोबरचा शेवट उत्तम. भात उभं असतं, नदी स्वच्छ दिसते आणि कातकरी वाड्यांमधली माणसं घरी असतात. पुढे थंडीत गेलात तर पोपटी खायला मिळेल, वालाच्या शेंगा आणि भांबुर्ड्याचा पाला घालून मडक्यात भाजलेली. पण शक्यतो खारेपाट चुकवू नका. गडकिल्ले आणि जंगलं कुठे जात नाहीत. तो बांध मात्र कोणत्या उधाणाला जाईल ते सांगता येत नाही.